भुकेला पक्ष नसतो

नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन (१८६१–१९३०) जगाला प्रथम परिचित झाले ते ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून. १८८८ मध्ये त्यांनी ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले. १८९५ मध्ये ते ८६ अंश उत्तर अक्षांशाच्याही पुढे गेले. परंतु त्यांच्या जिद्दीची खरी कसोटी लागली ती जिनिव्हाच्या सभागृहात.

१९२१ मध्ये व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला. अवर्षणाच्या जोडीला महायुद्ध, यादवी आणि सरकारची सक्तीची धान्यवसुली होतीच. सप्टेंबरमध्ये नान्सेन यांनी राष्ट्रसंघापुढे पन्नास लाख पौंडांच्या कर्जाची मागणी केली. ही रक्कम एका युद्धनौकेच्या निम्म्या किमतीइतकीच होती. अर्जेंटिनात मका आगगाडीच्या इंजिनांत जाळला जात असल्याचेही त्यांनी निदर्शनास आणले. जगात धान्य होते. भुकेल्यांपाशी क्रयशक्ती नव्हती. तरीही या मदतीने बोल्शेविक राजवट बळकट होईल, या भीतीपोटी सरकारांनी नकार दिला. सुमारे पन्नास लाख माणसे त्या दुष्काळात बळी पडली.

नान्सेन थांबले नाहीत. स्वतः दुष्काळी प्रदेशात जाऊन त्यांनी तेथील स्थिती जगापुढे मांडली आणि स्वयंसेवी संस्थांकडून मदत मिळवली. मात्र, वाटपात सोव्हिएत अधिकाऱ्यांना वाटा देणारा त्यांचा करार टीकेचा विषय झाला. अमेरिकेच्या हूव्हर यांनी वाटपावर स्वतःचे नियंत्रण राहील, अशी अट घातली आणि १९२२ च्या उन्हाळ्यात त्यांच्या संघटनेने रोज एक कोटीवर लोकांना अन्न पुरवले. त्याच वर्षी सोव्हिएत सरकारने धान्य निर्यात करण्याचे ठरवले, तेव्हा टीकाकारांची शंका अगदीच निराधार नव्हती हेही दिसून आले.

तरीसुद्धा नान्सेन यांचा मूळ सिद्धान्त अबाधित राहतो. राज्यकर्त्यांच्या अपराधाची शिक्षा उपाशी मुलाला देता येत नाही. शंका असेल तर वाटपावर देखरेख ठेवावी, मदत रोखू नये. हाच न्याय त्यांनी चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना मायदेशी पोहोचवताना आणि निर्वासितांसाठी ‘नान्सेन पारपत्र’ सुरू करताना लावला. १९२२ च्या शांतता पारितोषिकाची रक्कमही त्यांनी मदतकार्यालाच दिली.

मदत देताना गरज पाहावी की राजवट, हा प्रश्न आजही प्रत्येक दुष्काळात आणि प्रत्येक युद्धात उभा राहतो. राष्ट्रसंघ इतिहासजमा झाला. त्याने दिलेल्या नकाराची किंमत मात्र विसरता येण्याजोगी नाही.