चारू मजुमदार

चारू मजुमदार (१९१८ – २८ जुलै १९७२) हे भारतीय साम्यवादी नेते, नक्षलवादी चळवळीचे प्रवर्तक आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे (मार्क्सवादी-लेनिनवादी) पहिले सरचिटणीस होते.

सुरुवातीचे जीवन

मजुमदार यांचे वडील सिलिगुडी येथील काँग्रेस कार्यकर्ते होते. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून चारू यांनी उत्तर बंगालमधील शेतकऱ्यांत काम सुरू केले. १९४६ च्या तेभागा आंदोलनात ते सहभागी होते. बटाईदारांना पिकाचा दोन तृतीयांश वाटा मिळावा, ही त्या आंदोलनाची मागणी होती. १९६४ मध्ये पक्ष फुटल्यानंतर ते मार्क्सवादी पक्षात गेले. १९६५ ते १९६७ या काळात लिहिलेल्या आठ लेखांतून त्यांनी सशस्त्र क्रांतीचा पुरस्कार केला.

नक्षलबारी व नवा पक्ष

मे १९६७ मध्ये नक्षलबारी येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. २५ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात ११ जण मृत्युमुखी पडले. २२ एप्रिल १९६९ रोजी नव्या पक्षाची स्थापना झाली.

खतमाचे धोरण

जमीनदार व सावकार यांना 'वर्गशत्रू' ठरवून लहान, गुप्त गटांनी ठार करावे, असे मजुमदार यांचे धोरण होते. त्यासाठी बंदुकीऐवजी पारंपरिक हत्यारे वापरावीत, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्यक्षात पोलिसांचे खबरे समजली गेलेली माणसेही या हत्यांना बळी पडली. निर्णय गुप्तपणे होत असल्याने संशयिताला बाजू मांडण्याची संधी नव्हती आणि आरोपाची शहानिशा करणारी यंत्रणाही नव्हती. वैयक्तिक वैरातून केलेला आरोपही त्यामुळे प्राणघातक ठरू शकत होता. या धोरणामुळे जनसंघटना मागे पडल्या आणि चळवळ लोकांपासून तुटली, अशी टीका पक्षातूनच झाली. सत्यनारायण सिंह १९७१ मध्ये वेगळे झाले, तर कनू सान्याल यांच्यासह तुरुंगातील सहा नेत्यांनी पत्राद्वारे मतभेद नोंदवले.

अटक व मृत्यू

१६ जुलै १९७२ रोजी मजुमदार यांना कोलकाता येथे अटक झाली. ते दीर्घकाळ हृदयविकाराने आजारी होते. २८ जुलै रोजी पोलीस कोठडीत असताना त्यांचे निधन झाले. त्यांना आवश्यक औषधोपचार मिळाले नाहीत, असा आरोप त्यांच्या समर्थकांनी केला.

वारसा

मजुमदार यांच्यानंतर पक्षाचे अनेक तुकडे झाले. काही गटांनी खतमाचे धोरण सोडून निवडणुकांचा मार्ग स्वीकारला. २००४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाने (माओवादी) मात्र त्यांचा वारसा सांगितला. महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात १९८० च्या दशकापासून नक्षलवाद्यांनी पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून अनेक गावकऱ्यांच्या हत्या केल्या. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते. हत्येनंतर मृतदेहाजवळ आरोपाचे पत्रक टाकण्याचे प्रकारही घडले. दुसरीकडे, नक्षलवाद्यांना जेवण वा आसरा दिल्याच्या संशयाने त्याच गावकऱ्यांना पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावे लागे. माओवादी दरवर्षी २८ जुलैपासून 'शहीद सप्ताह' पाळतात. या काळात गडचिरोलीत पोलीस बंदोबस्त वाढवला जातो.