कलामहर्षी बाबूराव पेंटर : देखाव्यांचा मेस्त्री

परमुलखात संसार मांडणारा मराठी माणूस दिवाळीत कंदील आणि फराळ यांची सोय कशीबशी करतोच. पण मुलांच्या किल्ल्याची सोय करताना मात्र त्याची खरी परीक्षा होते. मारतहळ्ळीसारख्या उपनगरात अंगण दुर्मिळ, माती त्याहून दुर्मिळ, आणि मातीचे मावळे तर कोल्हापूर-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतूनच यायचे. अशाच एका दिवाळीत आमच्या मुलांनी हट्ट धरला की, या वेळी किल्ल्याच्या पायथ्याशी आगगाडी धावली पाहिजे. तीही साधीसुधी नव्हे, १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गावरची.

गाडी मिळाली. मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी, साडेसोळा मिलिमीटर अंतराच्या रुळांवरून धावणारी ती गाडी पाहून मुले हरखून गेली. अडचण आली ती घरांची. अशा गाड्यांसाठी खोक्यांतून मिळणारी घरे बहुधा जर्मनीतील वळणाची : बर्फ घसरून जावे म्हणून उंच उतरती छपरे, भिंतींतून डोकावणारे लाकडी सांगाडे. ती मांडली, तर खंडाळ्याच्या पायथ्याशी परदेशातले खेडे वसायचे. कौलारू घर, ओसरी, विहीर, मारुतीचे देऊळ हे कोणत्याही खोक्यात नव्हते. ज्या मुलांनी आजोळचे घर दोन वर्षांतून एकदा पाहिलेले, त्यांच्या मनात हेच परके घर ‘आपले गाव’ म्हणून ठसले असते. म्हणून आम्ही शोधास निघालो.

मोठ्या दुकानांत काही लाभले नाही. जे लाभले ते निराळ्याच ठिकाणी. कर्नाटकात दसऱ्याला घरोघर बाहुल्या मांडतात. त्या बाहुल्या विकणाऱ्यांकडे सण सरल्यावरही मातीची लहान देवळे, झोपड्या, वाण्याचे दुकान असे काही ना काही उरलेले होते. चन्नपट्टणच्या लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्यांत खांब आणि दीपमाळा शोभतील असे तुकडे सापडले. कौलांचे छप्पर मात्र शेजारच्या सुतारानेच पातळ पट्ट्यांतून बसवून दिले. यांपैकी कोणीही आपण लहानग्या रेल्वेचे साहित्य पुरवितो असे म्हणाले नसते. आता प्रश्न उरला मापांचा, कारण एक देऊळ मोठे तर दुसरे घर इवलेसे. त्यावर उपाय असा की, मोठे ते पुढे, लहान ते मागे आणि सर्वांच्या मागे रंगविलेल्या डोंगरांचा पडदा. हा उपाय आमचा नव्हे. तो रंगभूमीवर पडदे रंगविणाऱ्या चित्रकारांचा. त्या चित्रकारांतील एका अग्रणीचे चरित्र या सुवर्णमहोत्सवी अंकात सांगावे असे त्यामुळेच मनात आले.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे सुतारकीचे, वडील स्वतः कुशल कारागीर. पटाशी, रंधा, रंग आणि माती ही या मुलाची पहिली खेळणी होती असे म्हटले तरी चालेल. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पाहावे, करावे, मोडावे आणि पुन्हा करावे हीच त्यांची शाळा. नात्याने बंधू लागणारे आनंदराव मेस्त्री हेही असेच हुन्नरी. या दोघा बंधूंनी चित्रकलेत असे नाव मिळविले की, मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हीच त्यांची ओळख झाली.

तो काळ संगीत नाटकांच्या भराचा होता. कोल्हापुरात शाहू छत्रपतींचा कलावंतांना उदार आश्रय होता. कोल्हापूरचेच केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीत, म्हणजे आज आपण राहतो त्या कर्नाटकातच, ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी स्थापन केली. अशा मंडळ्यांना गावोगाव हिंडताना राजवाडा, रस्ता, बाग, अरण्य हे सारे बरोबर न्यावे लागे आणि ते गुंडाळून नेता येईल अशा पडद्यांवरच असे. आनंदराव आणि बाबूराव यांनी ललितकलादर्शासाठी पडदे रंगविले; गुजराती आणि पारशी नाटक मंडळ्यांकडूनही त्यांना कामे आली. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम हिंदुस्थानातील पडदे रंगविणाऱ्यांत या बंधूंची गणना अग्रभागी होत असे.

पडदा रंगविणे हे भिंतीवर चित्र काढण्याइतके सोपे काम नव्हे. प्रथम लहान कागदावर चित्र, त्यावर चौकटी. मग जमिनीवर पसरलेल्या अवाढव्य कापडावर तितक्याच मोठ्या चौकटी, आणि एकेका चौकटीतील रेघ दुसरीत नेणे. मापाचे भान सुटले की महालाचे खांब कलंडलेच. जवळचे ठळक, दूरचे फिके. जवळच्या खांबावर नक्षी, दूरच्यावर नुसती छाया. आणि हे सारे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला खरे वाटले पाहिजे. सपाट कापडावर खोली उभी करण्याची ही विद्या बाबूरावांच्या हाती पुरती बसली. पुढे त्यांनी जे जे केले, त्याचा पाया हाच होता.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला आणि कोल्हापूरच्या या बंधूंना नवा ध्यास लागला. रंगविलेला पडदा आजवर स्थिर होता; आता चित्रच हलू लागले होते. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो विलायतेहून आणावा एवढे द्रव्य जवळ नव्हते. तेव्हा आपणच कॅमेरा बनवावा असे आनंदरावांनी मनावर घेतले. पण १९१६ साली त्यांचे अकाली निधन झाले. ज्याच्या खांद्याला खांदा लावून सारे आयुष्य रंगविले, तो बंधू गेला आणि अर्धवट राहिलेले यंत्र मागे राहिले.

बाबूरावांनी ते यंत्र टाकून दिले नाही. विष्णुपंत दामले यांच्यासारखा यंत्रांत रमणारा शिष्य त्यांना लाभला होता. जुने प्रक्षेपणयंत्र उलगडून त्याची रचना पाहायची, कोणते चक्र कशास्तव फिरते हे समजून घ्यायचे आणि तसाच भाग स्वतः घडवायचा, असा उद्योग चालला. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यातील मर्म असे की, फीत सरकावी, क्षणभर निश्चल थांबावी, तेवढ्यात तिच्यावर प्रकाश पडावा आणि ती पुन्हा सरकावी. हे एका सेकंदात अनेक वेळा आणि प्रत्येक वेळी तंतोतंत तेवढ्याच अंतराने घडावे लागते. दाता केसभर चुकला तरी चित्र थरथरते. यासाठी लागणारे भाग विकणारे दुकान कोल्हापुरात कोठून असणार? तेथे होते ते सुतार, लोहार आणि कातारी. त्यांच्याच हत्यारांनी १९१८ साली कॅमेरा पुरा झाला. आनंदरावांचे स्वप्न धाकट्या बंधूने असे तडीस नेले.

त्याच सुमारास कोल्हापुरात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला भांडवलाचे साहाय्य केले. पोटापुरते कमावणाऱ्या कलावंतावर दुसऱ्या कलावंताने आपली मिळकत विश्वासाने सोपवावी, ही गोष्ट लहान नव्हे. १९२० साली कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे भासले की त्याला सरकारी आक्षेपाचा सामना करावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा गौरव केला आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी त्यांच्या नावाशी जोडली गेली.

चित्रपटाच्या देखाव्यांत बाबूरावांनी जो पालट घडविला, तो आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. नाटकगृहात प्रेक्षक एका जागी बसलेला असतो, दिव्यांचा उजेडही मंद असतो. तेथे रंगविलेला महाल खपून जातो. कॅमेरा मात्र निर्दय असतो. रंगविलेल्या खांबाची सावली एका दिशेला आणि उन्हात उभ्या नटाची सावली दुसऱ्या दिशेला पडली की सारे बिंग फुटते. जो मनुष्य पडदे रंगविण्यात अग्रणी होता, त्यानेच पडद्यांची ही मर्यादा ओळखली. त्यांनी रंगीत पडद्यांवर विसंबणे सोडून ज्याच्या भोवती फिरता येईल, ज्यावर खरा प्रकाश पडेल असा भरीव देखावा उभारण्यास आरंभ केला. ज्या कलेने आपल्याला आडनावही दिले, तिचाच मोह सोडणे कोणाही कलावंताला सोपे नसते.

एकेका दृश्याची रेखाटने ते आधी काढीत : पात्र कोठे उभे राहील, वेष कसा असेल, हालचाल कोणत्या बाजूने होईल. १९२३ सालच्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश योजिला आणि शिवछत्रपतींची भूमिकाही स्वतःच केली. चित्रपटांची भित्तिपत्रे ते आपल्या हाताने रंगवीत. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चा गौरव लंडनजवळील वेम्बली येथील प्रदर्शनात झाला.

आणि मग १९२५ साली ‘सावकारी पाश’ आला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात ना देव होते ना राजे. होता एक शेतकरी, ज्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि जो पोटासाठी शहराच्या गिरणीची वाट धरतो. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे यांनी केली. तेच पुढचे व्ही. शांताराम. ज्या हातांनी राजवाडे रंगविले, त्यांनीच येथे अंधारी, उदासवाणी झोपडी उभी केली आणि तिच्याबाहेर रडणारे कुत्रे दाखविले. ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांना ती झोपडी पुढे कित्येक वर्षे आठवत राहिली. महालापेक्षा झोपडी उभारणे अवघड असते, कारण महाल कोणी पाहिलेला नसतो. झोपडी सर्वांनी पाहिलेली असते. गाव सोडून पोटासाठी शहरात आलेल्यांची ही कथा आपणा सर्वांना अपरिचित नाही.

उत्तरायुष्य तितके सुखाचे गेले नाही. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे शिष्य कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ची स्थापना केली. महाराष्ट्र फिल्म कंपनी पुढे लवकरच बंद झाली. बोलपटांच्या युगात बाबूरावांनी ‘उषा’, १९३६ सालचा बोलका ‘सावकारी पाश’ आणि १९३७ सालचा ‘प्रतिभा’ हे चित्रपट केले. परंतु मूकपटांतील ते जुने साम्राज्य पुन्हा उभे राहिले नाही. चित्रे आणि शिल्पे यांत त्यांचा हात शेवटपर्यंत रमला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. जनतेने त्यांना ‘कलामहर्षी’ म्हणून स्मरणात ठेविले.

त्यांचे काय उरले, असा विचार केला की मन विषण्ण होते. नाटकांचे पडदे विरून जातात. चित्रपटांचे देखावे चित्रण संपताच मोडतात. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. असे असता त्यांचे नाव टिकले ते कशाने? ते टिकले शिष्यांच्या हातांनी. दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’ केला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली; त्यातील देहूच्या घरांत आणि ओसऱ्यांत कोल्हापूरच्या मेस्त्रींची शिकवणच वावरते असे आम्हांस वाटते. गुरूपासून दूर गेलेल्या शिष्यांनीच गुरूची विद्या जगविली.

आमच्या मंडळाचेही असेच आहे. गणपतीची आरास दहा दिवसांची, नाटकाचा देखावा एका रात्रीचा, दिवाळीचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंतचा. पन्नास वर्षांत किती मखरे उभी राहिली आणि मोडली याची नोंद कोणी ठेविलेली नाही. त्या दिवाळीचा घाटही आम्ही मोडला. देऊळ आणि झोपड्या गाठोड्यात बांधल्या, आणि डोंगरांचा पडदा गुंडाळताना त्याचा रंग जागोजाग उडाला.

पुढच्या वर्षी कौलारू घर हवे होते, तेव्हा मुले दुकानात गेली नाहीत. ती त्या सुताराकडे गेली, पट्ट्या कशा कापायच्या ते पाहून आली आणि घरी येऊन छप्पर घालीत बसली. छप्पर थोडे वाकडे झाले. पण ते आजोळच्या घराचेच होते, हे पाहणाऱ्या आजींनी लागलीच ओळखले.