मन खात राहते तेव्हा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७३ मध्ये पुण्यात न्यायखात्यात होते. वय ३१. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून त्यांचे नाव गाजत होते. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले. मुलगा आता विधवेशीच लग्न करील, या धास्तीने वडिलांनी घाईघाईने अकरा वर्षांची मुलगी पसंत केली. रानड्यांनी परोपरीने विनवले. पण वडील संबंध तोडायला निघाले तेव्हा ते नमले. लग्न लागल्यावर घरी येऊन ते कोणाशी न बोलता खोलीत गेले आणि दार लावून घेतले, असे त्या मुलीने, म्हणजे रमाबाईंनी, पुढे आठवणींत लिहिले. बोलणे एक आणि करणे एक, अशी टीका सुधारकांकडूनही झाली.

आपल्याच मूल्यांविरुद्ध वागले की मनात ताण साठतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये त्याची शास्त्रीय मांडणी केली. हा ताण हलका करण्याची सोपी वाट म्हणजे मूल्यालाच हलके ठरवणे: सगळेच असे करतात, त्यात काय! दुसरी वाट स्वतःला नालायक ठरवण्याची. ‘माझे चुकले’ असे वाटणारा माणूस निदान भरपाईकडे वळू शकतो. ‘मीच वाईट’ असे वाटू लागले, की तो तोंड लपवतो. झोप उडते, जेवण जात नाही, कामात लक्ष लागत नाही.

रानड्यांनी सुधारणेचे काम सोडले नाही. घरातल्या बायकांचा विरोध असताना त्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतले, आधी मराठी, मग इंग्रजी. १८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, त्यात त्यांचा पुढाकार होता. अर्थात लग्न ठरवताना त्या मुलीला कोणी विचारले नव्हते, हे यातून पुसले जात नाही.

वाकण्याची वेळ पुन्हा आली. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण पेटले आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. या वेळी भीड मित्रांची होती. अनुयायी दुखावले, रमाबाईही खिन्न झाल्या.

१९०१ मध्ये रानडे गेले. आठ वर्षांनी रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभे केले. तेथे शिकायला येणाऱ्यांत विधवाही होत्या.