अरण्याचे गणित

प्रास्ताविक

जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झाडे, हरणे, वाघ उभे राहतात. त्या जंगलाची राखण करणारा, वस्तीपासून दूर वनठाण्यावर राहणारा माणूस मात्र सहसा आठवत नाही. प्रस्तुत पाठात अशाच एका वनाधिकाऱ्याच्या जीवनाचा परिचय करून दिला आहे. आल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८) हे अमेरिकेतील नामवंत वनशास्त्रज्ञ व लेखक होते. तरुणपणी जो विचार त्यांनी हिरिरीने मांडला, तोच पुढे अनुभवाच्या कसोटीवर उतरला नाही. तेव्हा त्यांनी तो सोडला आणि आपली चूक स्वतःच्या लेखणीने कबूल केली. हा बदल कसकसा होत गेला, याकडे पाठ वाचताना लक्ष द्या.

मूळ पाठ

अमेरिकेच्या आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी बर्लिंग्टन नावाचे शहर आहे. ११ जानेवारी १८८७ रोजी आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म तेथे झाला. त्यांचे वडील कार्ल हे लेखनाची मेजे बनविणारा कारखाना चालवीत. वडिलांना शिकारीची आवड होती. पण तिला त्यांनी स्वतःच मर्यादा घालून घेतली होती. वसंत ऋतू हा पाणपक्ष्यांच्या विणीचा काळ. त्या काळात बंदूक उचलायची नाही, हा नियम त्यांनी आपण होऊन पाळला. त्यांच्याबरोबर नदीकाठची दलदल तुडवीत आल्डो पक्षी ओळखायला आणि माग काढायला शिकले.

पुढे येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन १९०९ साली ते वनखात्यात रुजू झाले. हे खाते स्थापन होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. पहिली नेमणूक मिळाली ती नैर्ऋत्येकडील ॲरिझोना प्रांतातील अपाची अरण्यात. घोड्यावर बसून डोंगर पालथे घालायचे, झाडे मोजायची, नकाशे तयार करायचे, असे ते काम होते.

त्याच वर्षी घडलेला एक प्रसंग त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. एका उंच कड्यावर बसून ते व त्यांचे सोबती दुपारचे जेवण घेत होते. खाली नदीच्या प्रवाहातून एक प्राणी पोहत येताना दिसला. प्रथम वाटले, हरणी असावी. काठावर येऊन तिने अंग झाडले, तेव्हा ती लांडगी असल्याचे कळले. तिची मोठी झालेली पिल्ले झुडपांतून उड्या मारीत तिच्याभोवती जमली. त्या काळी लांडगा दिसला आणि गोळी घातली नाही, असे घडतच नसे. कड्यावरून बंदुका धडाडल्या. लिओपोल्ड खाली पोहोचले तेव्हा लांडगीच्या डोळ्यांतील हिरवट तेज हळूहळू विझत होते. ते तेज विझताना पाहून त्यांना चुटपुट लागली. पण तिचा अर्थ कळायला पुढे अनेक वर्षे जावी लागली.

लांडग्यांविषयीचा हा द्वेष एकट्या लिओपोल्ड यांचा नव्हता. पशुपालकांच्या दृष्टीने लांडगा म्हणजे चोर होता. शिकाऱ्यांच्या दृष्टीने तो हरणांचा वाटेकरी होता. लांडगे कमी झाले तर हरणे वाढतील आणि लांडगे संपले तर शिकाऱ्यांना स्वर्गच मिळेल, असे त्या काळचे सरळ गणित होते. तरुण लिओपोल्ड यांनाही ते पटले होते.

१९११ साली त्यांची बदली न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागातील कार्सन अरण्यात झाली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते त्या अरण्याचे प्रमुख झाले. या अरण्याचे ठाणे ट्रेस पिएद्रास या खेड्यात होते. या स्पॅनिश नावाचा अर्थ तीन खडक असा आहे. पाइन वृक्षांच्या सावलीत, प्रचंड खडकांच्या पायथ्याशी लिओपोल्ड यांनी १९१२ साली एक लहानसे घर उभारून घेतले. ओसरीवर उभे राहिले की पूर्वेला रिओ ग्रांदे नदीचे विस्तीर्ण खोरे आणि त्यापलीकडे सांग्रे दे क्रिस्तो पर्वताची रांग दिसे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एस्टेला यांच्याशी विवाह करून ते या घरात राहू लागले.

बाहेरून रम्य दिसणारे ते अरण्य आतून मात्र खंगलेले होते. मेंढ्यांचे व गुरांचे अफाट कळप वर्षानुवर्षे चरल्यामुळे कुरणे उघडी पडली होती. गवताची मुळे नाहीशी झाली की माती धरून ठेवणारे काही उरत नाही. पावसाचे पाणी ती वाहून नेई आणि उतारांवर खोल घळी पडत. सांबराहून थोराड असे एल्क जातीचे हरीण एके काळी या डोंगरांत विपुल होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते न्यू मेक्सिकोतून जवळजवळ नाहीसे झाले होते. किती जनावरे चारायची याला मर्यादा घालणे हे लिओपोल्ड यांचे मुख्य काम होते. पत्नीच्या माहेरी मेंढपाळीचा मोठा व्यवसाय असूनही ते या कामात ढिले पडले नाहीत.

एप्रिल १९१३ मध्ये चराईचा एक तंटा मिटविण्यासाठी ते दूरच्या भागात गेले. परतताना गारपिटीने व पावसाने त्यांना गाठले. ओल्या अंथरुणात रात्री काढल्या. ते परतले तेव्हा हातपाय व चेहरा सुजला होता. मूत्रपिंडाच्या दाहाने ते मरणाच्या दारी जाऊन आले. पुढे दीड वर्षाच्या आसपास त्यांना कामावर जाता आले नाही. ट्रेस पिएद्रासच्या घरातील संसार काही महिन्यांतच संपला. अंथरुणावर पडून त्यांनी वाचन केले, चिंतन केले. अधिकाऱ्याचे यश फाइलींत मोजायचे नसून जंगलाच्या अंगावर दिसले पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात याच काळात पक्का झाला.

तरीही लांडग्यांचे जुने गणित सुटले नव्हते. बरे झाल्यावर त्यांनी वन्यजीवरक्षणासाठी शिकाऱ्यांच्या संघटना बांधल्या आणि न्यू मेक्सिकोतील शेवटचा लांडगाही संपविला पाहिजे, असे १९२० साली जाहीरपणे सांगितले. दुसऱ्या बाजूने, रस्ते व वसाहती यांपासून अरण्याचा काही भाग कायम मुक्त ठेवावा, यासाठीही तेच झटत होते. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९२४ साली गिला नदीच्या उगमाकडील सुमारे साडेसात लाख एकर वनप्रदेश तसाच राखून ठेवण्यात आला. राष्ट्रीय वनांतील अशा प्रकारचे ते पहिले क्षेत्र होय.

त्यानंतरच्या वर्षांत मात्र पुरावे एकामागून एक समोर येत गेले. ॲरिझोनातील कैबाब पठारावर पुमा, लांडगे मारले गेले. हरणे बेसुमार वाढली, त्यांनी झाडोरा ओरबाडून खाल्ला आणि हिवाळ्यात ती उपाशी मेली. १९३५ साली जर्मनीत त्यांनी शिस्तीत लावलेली वने पाहिली. तेथे हरणे पुष्कळ होती, पण झाडांखाली हिरवे असे काही उरले नव्हते. पुढच्याच वर्षी ते मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतात गेले. तेथे लांडगे होते, पुमा होते आणि हरणेही सुखात होती. माती जागच्या जागी होती, ओढे निर्मळ होते. शिकारी श्वापद हरणांचा वैरी असेल, पण डोंगराचा तो राखणदार आहे, हे त्यांना उमगले.

१९३३ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात ते वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक होते. १९४३ च्या सुमारास त्या राज्यातही हरणांची संख्या जंगलाला पेलेनाशी झाली. ती कमी केली पाहिजे, असे त्यांनी सांगताच लोक संतापले. अपमान सोसूनही त्यांनी आपले मत बदलले नाही. त्याच सुमारास त्यांच्या एका विद्यार्थ्याने एक उणीव दाखविली : लांडग्यांच्या नाशाविषयी ते लिहितात, पण त्या नाशात त्यांचाही हात होता, हे कोठे सांगत नाहीत. लिओपोल्ड यांनी हे मान्य केले. १९४४ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी त्या लांडगीच्या मृत्यूची कथा प्रथमच सांगितली.

केवळ लिहून ते थांबले नाहीत. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची एक नापीक, पडीक जमीन विकत घेतली होती. कोंबड्यांचे जुने खुराडे साफ करून पत्नी व पाच मुलांसह ते सुट्टीत तेथे राहत आणि हजारो रोपे लावीत. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या रानात वणवा लागला. तो विझविण्यासाठी ते धावले आणि तेथेच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांचा लेखसंग्रह छापण्याचे एका प्रकाशनसंस्थेने नुकतेच मान्य केले होते. १९४९ साली तो प्रसिद्ध झाला. माती, पाणी, वनस्पती, प्राणी आणि माणूस हे एकाच कुटुंबाचे घटक आहेत. माणूस हा त्या कुटुंबाचा मालक नसून सदस्य आहे, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे.

नैर्ऋत्य अमेरिकेतील लांडगे पुढे खरोखरच नामशेष झाले. मेक्सिकोत उरलेल्या मोजक्या लांडग्यांची पैदास करून १९९८ साली ११ लांडगे पुन्हा ॲरिझोनाच्या डोंगरांत सोडण्यात आले. ज्या अपाची अरण्यात लिओपोल्ड यांनी गोळी झाडली होती, त्याच परिसरात हे घडले. आज तेथील व गिला भागातील त्यांची संख्या २०० हून अधिक आहे. ट्रेस पिएद्रासचे घरही जतन करण्यात आले असून, निसर्गावर लिहिणाऱ्या लेखकांना काही काळ तेथे राहू दिले जाते. एल्कही त्या डोंगरांत परतले आहेत.

शब्दार्थ

वनठाणे – वनखात्याचे स्थानिक कार्यालय व निवास
वीण – प्राण्यांची वा पक्ष्यांची पिल्ले होणे
चुटपुट – मनाला लागलेली रुखरुख
घळ – पाण्याच्या प्रवाहाने जमिनीत पडलेली खोल चीर
झाडोरा – झाडाझुडपांची दाटी
श्वापद – हिंस्र वन्य पशू
नामशेष – केवळ नावापुरते उरलेले, नष्ट झालेले

पाठगत प्रश्न

१. वडिलांच्या कोणत्या नियमाचा संस्कार लिओपोल्ड यांच्यावर झाला असावा?
२. कार्सन अरण्यातील माती का वाहून जात होती?
३. कैबाब पठार आणि सिएरा माद्रे पर्वत यांच्या स्थितीत कोणता फरक होता?
४. ‘लांडगे संपले की हरणे वाढतील’ हे गणित कोठे चुकले, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. आपल्या परिसरातील एखादा प्राणी वा पक्षी नाहीसा झाल्याने काय बदल झाला, हे वडीलधाऱ्यांना विचारून आठ-दहा ओळींत लिहा.