जेरोम व्हिनोग्राड

जेरोम व्हिनोग्राड (इ.स. १९१३ – इ.स. १९७६) हे अमेरिकन भौतिक रसायनशास्त्रज्ञ होते. वर्तुळाकार डीएनए रेणू स्वतःभोवती आणखी पिळलेला असतो, हा शोध त्यांच्या गटाने १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. या पिळाला अतिपीळ म्हणतात. डीएनएवर काम करणाऱ्या विकरांचा (एंझाइमांचा) वेग केवळ रासायनिक रचनेवर अवलंबून नसून रेणूवर पडलेल्या ताणावरही अवलंबून असतो, ही समजूत पुढे या शोधातून दृढ झाली.

जीवन

व्हिनोग्राड यांचा जन्म अमेरिकेतील मिलवॉकी येथे झाला. कलिल रसायनाच्या अभ्यासासाठी ते बर्लिनला हर्बर्ट फ्रॉइंडलिश यांच्याकडे गेले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर फ्रॉइंडलिश यांना जर्मनी सोडावी लागली, तेव्हा व्हिनोग्राडही त्यांच्यासोबत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. मायदेशी परतून त्यांनी १९४० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरची सुमारे दहा वर्षे शेल या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. १९५१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (कॅलटेक) आले. ज्या कामासाठी ते ओळखले जातात ते सर्व यानंतरचे आहे.

संशोधन

मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांच्यासह त्यांनी १९५७ मध्ये घनतेनुसार रेणू वेगळे करण्याची पद्धत मांडली. सीझियम क्लोराइडचे द्रावण अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की तळाकडे ते अधिक दाट होते आणि त्यातील डीएनए आपल्या घनतेच्या थरावर पट्ट्याच्या रूपात स्थिरावतो. डीएनएची प्रत कशी तयार होते हे दाखवणारा मेसेल्सन-स्टाल प्रयोग (१९५८) याच पद्धतीवर उभा आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र व्हिनोग्राड यांचे नाव क्वचितच आढळते.

पॉलिओमा हा उंदरांमध्ये गाठी निर्माण करणारा विषाणू आहे. त्याचा डीएनए वर्तुळाकार असल्याचे १९६३ मध्ये समजले होते. सेंट्रिफ्यूजमध्ये या डीएनएचा मोठा भाग वेगाने खाली जाई, थोडा भाग मागे रेंगाळे. मागे राहणारा भाग म्हणजे तुटून सरळ झालेले रेणू असावेत, असा समज होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो खोडून काढला, कारण तोही वर्तुळच निघाला. दोन्ही वर्तुळे, दोन्हींचे वजन सारखे; मग वेग वेगळा का? व्हिनोग्राड यांच्या गटाने उत्तर दिले की वेगवान वर्तुळ पिळले जाऊन आटोपशीर झालेले असते. त्याच्या दोन धाग्यांपैकी एकावर विकराने एकच छेद घेतला, तरी सारा पीळ सुटतो आणि वर्तुळ सैल पडते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही आपली म्हण येथे लागू पडत नाही.

हे का घडते ते दोरीवरून समजते. दोरीची दोन्ही टोके मोकळी असतील तर दिलेला पीळ आपोआप निघून जातो. टोके एकमेकांना जोडल्यावर त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दोरी स्वतःवर वेटोळी घेते. बंद वर्तुळात एक धागा दुसऱ्याभोवती किती वेळा फिरला आहे ही संख्या धागा तोडल्याशिवाय बदलत नाही. ही संख्या नैसर्गिक पेचांपेक्षा कमी असली की रेणूत ताण साठतो. विल्यम बाउअर यांच्यासह व्हिनोग्राड यांनी १९७० मध्ये या ताणाची ऊर्जा मोजली. त्यासाठी इथिडियम ब्रोमाइड हे रंगद्रव्य वापरले होते. ते बेस-जोड्यांच्या मधे शिरते आणि पेच थोडे उलगडते. तो उलगडा तेव्हा १२ अंशांचा मानला जाई. १९७४ मध्ये जेम्स वँग यांनी तो सुमारे २६ अंश असल्याचे दाखवले. त्यामुळे आधीच्या गणितातील अतिपिळांची संख्या दुपटीहून अधिक करावी लागली, मूळ विचार मात्र तसाच राहिला. बंद वर्तुळ हे रंगद्रव्य मर्यादितच घेते, छेदलेले अधिक घेते. त्यामुळे दोन्हींचे पट्टे वेगळे पडतात. १९६७ च्या या युक्तीने पुढे कित्येक वर्षे प्रयोगशाळांत प्लाझ्मिड शुद्ध केले गेले.

विकरांच्या दृष्टीने हा ताण म्हणजे आयती मदत होय. आरएनए पॉलिमरेजला काम सुरू करण्यापूर्वी दोन धागे विलग करावे लागतात. कमी पेचांच्या वर्तुळात धागे उघडले की ताण हलका होतो, म्हणून ही पायरी सोपी होते. फाज लॅम्डाच्या डीएनएवरील १९७३ च्या प्रयोगांत अतिपिळामुळे आरएनए-निर्मिती वाढलेली दिसली. केवळ एकेरी धागा कापणारी विकरेही अतिपिळाच्या वर्तुळावर हल्ला करतात, सैल वर्तुळाला मात्र सहसा हात लावत नाहीत.

पीळ सोडवणारे पहिले विकर वँग यांनी १९७१ मध्ये जिवाणूत शोधले. अशाच एका विकराच्या साहाय्याने व्हिनोग्राड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले की सैल झालेली वर्तुळे एकसारखी नसतात. त्यांच्यात एकेका पेचाचा फरक असतो आणि त्या विभागणीवरून ताणाची ऊर्जा स्वतंत्रपणे काढता येते.

व्हिनोग्राड १९६८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी डीएनए गायरेज हे विकर प्रसिद्ध केले. जिवाणूच्या डीएनएत हा अतिपीळ एटीपीची ऊर्जा खर्चून तेच भरते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके याच विकराला अडवतात.