जिम क्लार्क

जेम्स ऊर्फ जिम क्लार्क (४ मार्च, १९३६ – ७ एप्रिल, १९६८) हे स्कॉटलंडचे मोटारशर्यत चालक होते. त्यांनी १९६३ आणि १९६५ या वर्षी फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद मिळवले. १९६५ मध्येच त्यांनी अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही जिंकली. या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकणारे ते आजवरचे एकमेव चालक आहेत. फॉर्म्युला वनमधील आपल्या सर्व शर्यती ते कॉलिन चॅपमन यांच्या लोटस संघाकडून धावले. वयाच्या ३२ व्या वर्षी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे शर्यतीदरम्यान झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

बालपण आणि सुरुवात

क्लार्क यांचा जन्म स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील किलमनी येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. चार बहिणींच्या पाठीवर जन्मलेले ते सर्वांत धाकटे आणि एकुलते एक पुत्र होते. १९४२ मध्ये हे कुटुंब इंग्लंडच्या सीमेलगतच्या बेरिकशर परगण्यात, डन्स आणि चर्नसाइड या गावांजवळील एडिंग्टन मेन्स या शेतावर राहावयास आले. मसलबरा येथील लोरेटो शाळेत क्लार्क यांचे शिक्षण झाले. मात्र सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते मेंढ्या आणि शेती सांभाळू लागले.

एकुलत्या एका मुलाने मोटारशर्यतींच्या नादी लागू नये, अशी घरच्यांची इच्छा होती. तरीही १९५६ मध्ये मित्र इयन स्कॉट वॉटसन यांची डीकेडब्ल्यू मोटार घेऊन ते क्रायमंड येथील शर्यतीत उतरले. पुढे 'बॉर्डर रीव्हर्स' या स्थानिक संघासाठी त्यांनी जॅग्वार डी-टाइप चालवली. डिसेंबर १९५८ मध्ये ब्रँड्स हॅच येथील शर्यतीत लोटस एलिट चालवताना त्यांनी खुद्द चॅपमन यांना कडवी झुंज दिली आणि चॅपमन यांचे लक्ष या तरुण शेतकऱ्याकडे वेधले गेले.

फॉर्म्युला वनमधील पदार्पण

६ जून, १९६० रोजी नेदरलँड्समधील झांडफोर्ट येथे क्लार्क यांनी फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. त्यांची दुसरी शर्यत बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ येथे होती. गावे, शेते आणि झाडी यांमधून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवरचा हा १४ किलोमीटरचा मार्ग अतिशय वेगवान होता. सरावातच स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे चाक निखळले आणि माइक टेलर यांच्या लोटसचे स्टिअरिंग तुटले; दोघेही गंभीर जखमी झाले. प्रत्यक्ष शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि क्लार्क यांचे लोटसमधील सहकारी अ‍ॅलन स्टेसी हे दोन तरुण चालक ठार झाले. क्लार्क पाचवे आले आणि त्यांना विश्वविजेतेपद स्पर्धेतील पहिले गुण मिळाले. या मार्गाविषयी त्यांच्या मनात कायमची अढी बसली. तरीही १९६२ ते १९६५ या काळात बेल्जियन ग्रांप्री त्यांनी सलग चार वेळा जिंकली. १९६३ मध्ये मुसळधार पावसात आठव्या क्रमांकावरून सुरुवात करून त्यांनी दुसऱ्या क्रमांकाच्या चालकाला जवळजवळ पाच मिनिटे मागे टाकले.

१९६१ मध्ये इटलीतील माँझा येथे क्लार्क यांची लोटस आणि जर्मन चालक वोल्फगांग फॉन ट्रिप्स यांची फेरारी यांची धडक झाली. फेरारी प्रेक्षकांच्या कुंपणावर आदळली. फॉन ट्रिप्स आणि १५ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. क्लार्क यांना इजा झाली नाही, परंतु या अपघाताची चौकशी त्यांच्यामागे दीर्घकाळ चालू राहिली.

यशाचा काळ

१९६२ मध्ये चॅपमन यांनी लोटस २५ ही मोटार आणली. तोवर शर्यतीच्या मोटारींचा सांगाडा पोलादी नळ्या जोडून केला जात असे. लोटस २५ मध्ये त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांची पेटीसारखी एकसंध बांधणी होती. त्यामुळे मोटार अधिक हलकी आणि अधिक ताठ झाली. चालक तीत जवळजवळ उताणा पहुडलेला असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत पेट्रोलच्या रबरी पिशव्या असत. या मोटारीत क्लार्क यांनी आपली पहिली ग्रांप्री जिंकली. त्या वर्षीच्या अखेरच्या शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेत आघाडीवर असताना, तेलगळतीमुळे त्यांना माघार घ्यावी लागली आणि विजेतेपद ग्रॅहम हिल यांच्याकडे गेले.

१९६३ मध्ये मात्र क्लार्क यांनी १० पैकी ७ शर्यती जिंकून विश्वविजेतेपद पटकावले. एका हंगामातील विजयांचा हा उच्चांक १९८८ पर्यंत कोणीही ओलांडू शकले नाही. १९६४ मध्ये मेक्सिकोतील शेवटच्या शर्यतीच्या अगदी अखेरीस पुन्हा तेलगळतीनेच त्यांचे विजेतेपद हिरावले. ते जॉन सर्टीस यांना मिळाले. १९६५ मध्ये इंडियानापोलिस येथे भाग घेण्यासाठी क्लार्क यांनी मोनॅको ग्रांप्री सोडली. इंडियानापोलिसच्या २०० पैकी १९० फेऱ्यांत ते आघाडीवर होते. चालकाच्या मागे इंजिन असलेल्या मोटारीने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी सहा ग्रांप्री जिंकून त्यांनी दुसरे विश्वविजेतेपद मिळवले.

१९६७ मध्ये झांडफोर्ट येथे लोटस ४९ आणि तिचे कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन प्रथमच शर्यतीत उतरले. क्लार्क यांनी ही मोटार पूर्वी कधीही चालवली नव्हती. तरी त्यांनी ती शर्यत जिंकली. १ जानेवारी, १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे त्यांनी २५ वा विजय मिळवून हुआन मानुएल फांजिओ यांचा २४ विजयांचा विक्रम मोडला. ही त्यांची शेवटची ग्रांप्री ठरली.

चालनशैली आणि स्वभाव

क्लार्क यांचे मोटार चालवणे अत्यंत सहज आणि मृदू होते. ते ब्रेक हळुवारपणे सोडत, स्टिअरिंगला झटके देत नसत. त्यामुळे त्यांच्या मोटारीचे टायर आणि ब्रेक इतरांच्या तुलनेत कमी झिजत. चॅपमन यांच्या मोटारी वेगवान, पण नाजूक म्हणून ओळखल्या जात. वजन वाचवण्यासाठी प्रत्येक भाग शक्य तितका हलका केलेला असे आणि तो तुटल्याचे अनेक प्रसंग घडले होते. अशा मोटारींकडून यश मिळवण्यात क्लार्क यांच्या हळुवारपणाचा मोठा वाटा होता. परंतु एखादा भाग निकामी झालाच, तर कौशल्याचा उपयोग मर्यादित होता.

शर्यतीबाहेर ते लाजाळू आणि मितभाषी होते. नखे कुरतडण्याची त्यांची सवय सर्वांना ठाऊक होती.

मृत्यू

७ एप्रिल, १९६८ रोजी क्लार्क हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टू वर्गाच्या शर्यतीत लोटस ४८ चालवत होते. मार्ग ओलसर होता. पाचव्या फेरीत, जंगलातून जाणाऱ्या वेगवान भागात, त्यांची मोटार रस्ता सोडून झाडांवर आदळली. झाडे आणि रस्ता यांच्यामध्ये कोणताही कठडा नव्हता. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. मागील टायरमधील हवा कमी होऊन तो निकामी झाला असावा, हे अपघाताचे सर्वाधिक संभाव्य कारण मानले जाते. चर्नसाइड येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या समाधिशिलेवर विश्वविजेता चालक या ओळखीच्या आधी शेतकरी ही ओळख कोरलेली आहे.

परिणाम

क्लार्क क्वचितच चूक करत. त्यामुळे, त्यांच्यावर अशी वेळ येऊ शकते तर आपण कोणीच सुरक्षित नाही, ही जाणीव इतर चालकांमध्ये पसरली. पुढील तीन महिन्यांत माइक स्पेन्स, लुदोविको स्कारफियोत्ती आणि जो श्लेसर हे चालकही मृत्यू पावले. क्लार्क यांचे मित्र आणि देशबांधव जॅकी स्ट्युअर्ट १९६६ मधील स्पा येथील अपघातापासून सुरक्षिततेचा आग्रह धरत होते. त्या वेळी ते पेट्रोलने भिजलेल्या मोटारीत अडकून पडले होते. क्लार्क यांच्या मृत्यूनंतर या मागणीला बळ मिळाले. १९६९ ची बेल्जियन ग्रांप्री चालकांच्या विरोधामुळे रद्द झाली. हॉकेनहाइम येथे कठडे बसवण्यात आले आणि वेग कमी करणारी वळणे घालण्यात आली. सीटबेल्ट, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आणि मार्गावरील वैद्यकीय व्यवस्था यांचा प्रसार पुढील काही वर्षांत झाला.

विक्रम आणि स्मृती

क्लार्क यांनी ७२ ग्रांप्रींमध्ये भाग घेऊन २५ जिंकल्या आणि ३३ वेळा पोल पोझिशन मिळवली. पोल पोझिशन, सर्वांत वेगवान फेरी आणि पहिल्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत आघाडी राखून विजय, अशी कामगिरी त्यांनी आठ वेळा केली. हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. हॉकेनहाइम येथे त्यांचे स्मारक असून डन्स येथे २०१९ मध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले.