शिष्यवृत्ती परत करणारी विद्यार्थिनी : मादाम क्यूरी

पोलंडमधील वॉर्सा शहरी ७ नोव्हेंबर १८६७ रोजी मेरी स्क्लोडोव्स्का हिचा जन्म झाला. त्या वेळी तेथे रशियन झारचा अंमल होता. वडील पदार्थविज्ञानाचे शिक्षक. पण रशियन अधिकाऱ्यांची मर्जी फिरली आणि घराला ओढगस्त आली. मेरी दहा वर्षांची असताना आई निवर्तली. पुढे शाळेत सुवर्णपदक मिळवूनही तिला वॉर्सा विद्यापीठाचे दार बंदच होते, कारण तेथे मुलींना प्रवेश नव्हता.

थोरल्या बहिणीची, ब्रोन्याची, अडचणही तीच. दोघींनी ठरविले, की आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हावे व मेरीने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत. मग ब्रोन्याने मेरीला हात द्यावा. त्यासाठी मेरीने काही वर्षे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकविले. १८९१ साली ती पॅरिसला गेली. थंडी आणि अर्धपोटी दिवस सोसून १८९३ मध्ये सॉर्बोन विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत ती पहिली आली.

आता गाठीचे पैसे संपले होते. तेव्हा वॉर्सातील एका मैत्रिणीने खटपट करून तिला अलेक्झांड्रोविच शिष्यवृत्तीचे ६०० रूबल मिळवून दिले. त्या आधारावर १८९४ मध्ये ती गणिताची परीक्षाही उत्तीर्ण झाली.

पुढे उद्योगधंद्यांना उत्तेजन देणाऱ्या एका फ्रेंच संस्थेने पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांचे संशोधन तिच्याकडे सोपविले. काम मिळाले, पण प्रयोगाला पुरेशी जागा नव्हती. जागेच्या शोधात पिएर क्यूरी या शास्त्रज्ञाची ओळख झाली व १८९५ मध्ये दोघांचा विवाह झाला. पोलादाच्या कामाचा मोबदला हाती येताच मेरीने ६०० रूबल परत केले. तशी कोणतीही अट नव्हती. आपल्यासारख्याच दुसऱ्या गरजू विद्यार्थ्याला ते मिळावेत, एवढीच तिची इच्छा होती.

डॉक्टरेटसाठी तिने बेक्‍रेल यांनी १८९६ मध्ये शोधलेल्या युरेनियमच्या किरणांचा विषय निवडला. त्यावर फारसे कोणी काम केलेले नव्हते. पिएर शिकवीत असलेल्या संस्थेत तिला आधी कोठीची खोली व नंतर एक गळकी शेड मिळाली. १८९८ मध्ये पतिपत्नींनी पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये शोधली. १९०३ च्या जूनमध्ये मेरीला डॉक्टरेट मिळाली व त्याच वर्षी पती आणि बेक्‍रेल यांच्यासह नोबेल पारितोषिक. १९११ मध्ये दुसरे नोबेलही मिळाले. ४ जुलै १९३४ रोजी मादाम क्यूरी निधन पावल्या.

विद्यार्थी मित्रांनो, संशोधनाला बुद्धीबरोबर पैसा, विषय, जागा व मार्गदर्शक लागतात. यांपैकी काहीही घरबसल्या चालून येत नाही. विचारावे लागते, अर्ज करावा लागतो. पालकांनीही मुलींच्या शिक्षणासाठी हा खटाटोप करावा. आणि मदत घेऊन मोठे झालेल्यांनी त्या ६०० रूबलांची आठवण ठेवावी.